आंबलंय की चमकतंय

एका गावात नदीच्या काठी एक तालीम होती. तालमीत कुस्तीची लाल माती होतीच, पण गावाचा खरा जीव होता तिथल्या मल्लखांबावर. जत्रेत आसपासच्या पाच गावांचे लोक तो खेळ बघायला यायचे, आणि जेवायला आपापल्या घरी जायचे, म्हणून गावालाही तो परवडायचा.

तालमीचे वस्ताद साठी उलटलेले होते. बोलायला कमी आणि सवयीला पक्के. रोज सकाळी खांबाला हात लावायच्या आधी ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "आंबलंय की चमकतंय?"

आंबलं म्हणजे काल मेहनत जास्त झाली, अंग जड झालं, चार हातपाय हलवले की मोकळं होणार. चमकलं म्हणजे सांध्यात आतून कळ जाते आणि रोज त्याच जागी जाते. आंबलेल्यानं खांबावर चढायचं. चमकलेल्यानं ओट्यावर बसायचं आणि वस्ताद देतील तो हलका व्यायाम करायचा. नियम इतका साधा होता. पण गावातल्या टवाळांनी त्या ओट्याला बाळंतिणीची खोली असं नाव ठेवलं होतं, आणि भलेभले पैलवान त्या नावाला घाबरायचे.

तालमीत केरबा नावाचा एक तरुण लोहार होता. अंगानं दणकट, स्वभावानं हट्टी. त्याच्यासारखा फरारा पंचक्रोशीत कुणी धरत नसे. फरारा म्हणजे दोन्ही हातांनी खांब पकडून अख्खं अंग निशाणासारखं आडवं आणि ताठ ठेवायचं. सगळा भार खांद्यांवर. त्या वर्षी जत्रेसाठी वस्तादांनी त्यात भर घातली. दौलत शिंपी अंगानं काडीसारखा हलका होता. त्यानं एक पाय खांबाच्या माथ्यावरच्या बोंडावर आणि दुसरा केरबाच्या आडव्या कमरेवर ठेवून, हात पसरून उभं राहायचं, असं ठरलं.

केरबाला चेव आला. जिथं पाच वेळा फरारा धरायचा तिथं तो पंधरा वेळा धरू लागला. शिवाय दिवसभर भात्यापुढे घण मारायचा तो वेगळाच. घणाचे घाव काही व्यायामात मोजायचे नसतात, असं त्याचं गणित होतं. खांद्याचं गणित निराळं होतं.

जत्रेला महिना उरला असताना एका सकाळी हात डोक्यावर नेताना उजव्या खांद्यात कळ गेली. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशीही गेली. त्या कुशीवर झोपणं बंद झालं. केरबाला कळलं होतं की हे चमकणं आहे. पण ओट्यावर बसलो तर दौलतच्या पायाखाली दुसरा कुणीतरी येईल, हे त्याला सोसवेना. वस्तादांनी विचारलं की तो म्हणायचा, "नुसतं आंबलंय, वस्ताद." असं तो महिनाभर म्हणाला.

जत्रा भरली. केरबानं फरारा धरला, दौलत वर चढला, हात पसरले. लोकांनी श्वास रोखले. आणि केरबाचा उजवा हात आपोआप सुटला. तो धरायला गेला, पण हातात जोरच नव्हता. केरबा मातीवर पाठीवर पडला. दौलत मातीच्या बाहेर, दगडी कठड्यावर पडला, आणि पडताना त्यानं उजवा हात टेकला.

हाडवैद्यानं दौलतचं मोडलेलं मनगट बांधलं. मग केरबाचा खांदा दाबून बघितला आणि सहज विचारलं, हे महिन्याभराचं जुनं दुखणं आहे, इतके दिवस काय करत होतास? सगळे ऐकत होते. केरबानं मान खाली घातली आणि खरं काय ते सांगितलं.

लग्नसराई तोंडावर होती. शिंप्याचा उजवा हात दोन महिने फळीला बांधलेला. गावचे खण, झंपर, सदरे सगळे शेजारच्या गावी शिवायला गेले. केरबा माफी मागायला गेला तेव्हा दौलतनं भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याची बायको म्हणाली, "भावजी, खोटं तुम्ही बोललासा, आणि हात मोडला आमच्या घरचा."

केरबा तिथून तालमीत आला. वस्ताद ओरडतील अशी त्याची अपेक्षा होती, आणि ओरडले असते तर त्याला बरंच वाटलं असतं. वस्ताद शांतपणे म्हणाले, "मी तुला रोज इचारत हुतो ते तुझ्यासाठी न्हवं. तुझ्यावर पाय ठेवणाऱ्यासाठी इचारत हुतो."

केरबाला रडू आलं. दुसऱ्या दिवसापासून तो कुणी न सांगता ओट्यावर जाऊन बसला.

पहिले काही आठवडे खांबाला लटकायचं नाही, घण धाकट्या भावानं मारायचा. मग भिंतीला हात लावून उभ्यानं जोर, सावकाश. मग खांद्याची पाती मागं ओढून खाली दाबायची आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत धरून ठेवायची. मग पाय जमिनीला टेकवूनच खांबाला थोडा भार द्यायचा. आठवड्याला भार जरासाच वाढवायचा, आणि कळ आली की मागच्या आठवड्याच्या भारावर परत यायचं. केरबा वैतागला की वस्ताद म्हणायचे, मांसाला ताकद महिन्यात येते, सांध्याला वर्ष लागतं, आणि तू मांसाचं ऐकलंस. आता तो घणाचे घावही मोजायचा.

दहा महिन्यांनी केरबा पुन्हा फरारा धरू लागला. दौलतही तालमीत येत होता, पण केरबाच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. मनगट बरं झालं होतं, भरवसा परतला नव्हता. पुन्हा वर चढशील का, असं केरबानं कुणाच्या तरी मार्फत विचारून बघितलं, दोनदा नकार आला.

जत्रेला वीस दिवस असताना मात्र एका सकाळी दौलत आपणहून खांबापाशी आला. सगळी तालीम बघू लागली. त्यानं तळपायाची माती पुसली आणि विचारलं, "चढू काय?"

वर्षभर केरबा या दोन शब्दांची वाट बघत होता. पण त्या सकाळी हात वर नेताना खांद्यात बारीकशी कळ गेली होती. एवढीशीच. कुणाला दिसली नसती. हो म्हटलं असतं तर बहुतेक निभावूनही गेलं असतं. आणि आज नाही म्हटलं तर दौलत परत विचारेल, याची खात्री नव्हती.

केरबा म्हणाला, "आज नको, दौलतराव. चमकतंय. बारकं हाय, पर हाय."

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. दौलत हसला नाही. तो खांबापासून दोन पावलं मागं सरला आणि म्हणाला, "मग मी थांबतो. जत्रा ऱ्हाऊ दे. चढीन ते तुझ्यावरच."

त्या वर्षी जत्रेत फरारा झाला नाही. पाच गावांचे लोक कुरकुरत घरी गेले. पुढे महिन्याभरानं, एका साध्या मंगळवारी, बघायला फारसं कुणी नसताना, दौलतनं केरबाच्या कमरेवर पाय ठेवला आणि दोन्ही हात पसरले.

तात्पर्य: दुखणं आपलं असलं तरी त्याबद्दल खरं बोलणं हे आपण दुसऱ्यांचं देणं लागतो. जो वेळेवर ‘नाही’ म्हणतो, त्याच्याच ‘हो’वर माणसं पाय ठेवतात.