तांबटाची तिसरी खेप

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की ती कुठल्या राज्यात घडली हे छातीठोकपणे सांगणारं कुणी उरलेलं नाही. त्या राज्यात चिंचोक्यांचा एक खेळ होता. लहान मुलं खेळत, मोठी माणसंही खेळत, आणि मोठ्यांचंच डोकं जास्त फिरे.

खेळ असा. मनात येईल ती संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करा आणि वर एक मिळवा. जी नवी संख्या येईल तिचंही तसंच करा, आणि करतच राहा. पाच घेतलेत तर सोळा होतात, मग आठ, मग चार, मग दोन, आणि शेवटी एक. एकावर आलात की खेळ संपला. सात घ्या, बारा घ्या, तुम्ही एकावरच येता. सत्तावीस घेतलेत तर मात्र जेवण चुकेल. ती संख्या चढत चढत नऊ हजारांच्या पुढे जाते, माणसाचा अंत पाहते, आणि शंभराहून जास्त पायऱ्या झाल्यावर मुकाट्याने एकावर येऊन बसते.

मी ही गोष्ट सांगायला लागलो की निम्मे ऐकणारे इथेच सत्तावीस घेऊन बसतात. बसा बापडे. पण मोठ्याने मोजू नका, बाकीच्यांना ऐकायचं आहे.

एकदा त्या राज्याच्या राणीने खेळता खेळता विचारलं, “नेहमीच एकावर येतं का हो?”

दरबारी म्हणाले, “नेहमीच, राणीसाहेब.”

“कशावरून?”

दरबारी पुन्हा चिंचोके मोजू लागले. राणी हट्टी होती. तिने राजवाड्यासमोर एक मोठा दगड उभा करवला, वरच्या अंगाला हा प्रश्न कोरला आणि खाली जागा मोकळी सोडली. जो कारण शोधील त्याचं उत्तर आणि नाव तिथे कोरायचं, असं ठरलं.

झालं. राणी गेली, तिची नातवंडं म्हातारी झाली, तरी उत्तर काही मिळेना. मात्र उत्तर मिळालं असं वाटणारी माणसं भरमसाट मिळाली. एक गृहस्थ तर रोज सकाळी नवं उत्तर घेऊन यायचे, आणि हे बत्तीस वर्षं चाललं. ती उत्तरं तपासणारे त्या वेळचे राजगणिती शेवटी गाव सोडून निघून गेले. तेव्हापासून दरबाराने नियम केला: उत्तरं वर्षातून एकदाच, सुगीनंतर वाचली जातील, आणि एका माणसाला जन्मात तीनच खेपा मिळतील. चौथ्या खेपेला त्याचा कागद हातातसुद्धा घेतला जाणार नाही.

आता आपला माणूस. राजधानीपासून तीन दिवसांच्या वाटेवर एक गाव होतं आणि त्या गावात एक तांबट होता. हंडे, घंगाळी आणि बंब तो असे घडवायचा की शेजारच्या गावांतून लोक यायचे. त्याची एक रीत होती. भांडं तयार झालं की ते काठोकाठ भरून दिवसभर ओट्यावर ठेवायचं, आणि खालची फरशी कोरडी राहिली तरच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं. इतका चोख माणूस. पण कुठल्याशा जत्रेत त्याने तो दगड पाहिला आणि त्याचा चोखपणा तिथेच राहिला.

कोळसा भट्टीत कमी आणि भिंतीवर जास्त दिसू लागला. घराच्या चारी भिंती आकड्यांनी काळ्या झाल्या. बायको सारवायची, तो पुन्हा लिहायचा.

पहिल्या खेपेला तो दहा हजारांपर्यंतची प्रत्येक संख्या तपासून घेऊन गेला. त्या वेळी राजगणितीच्या जागेवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. आयुष्यभर लोकांची चुकीची उत्तरं वाचून त्यांच्या कपाळाला जी आठी पडली होती, ती झोपेतही जात नसे म्हणतात. त्यांनी गठ्ठा उघडलाही नाही.

“दहा हजार एकचं काय?” त्यांनी विचारलं.

तांबट घरी आला. शहाण्या माणसाला बाईंचं म्हणणं कळलं असतं. आपल्या तांबटाने काय करावं? चार वर्षं खपून त्याने वीस हजारांपर्यंतच्या संख्या तपासल्या आणि तो पुन्हा राजधानीला गेला.

“वीस हजार एकचं काय?” बाईंनी विचारलं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

अशा दोन खेपा त्याने मातीत घातल्या. मला हे सांगतानासुद्धा चीड येते.

पण परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कितीही संख्या तपासल्या तरी त्यांच्या पुढे आणखी उरणारच. तेव्हा मोजून भागायचं नाही, कारण शोधायला हवं. मग तो खऱ्या अर्थाने कामाला लागला. सहा वर्षांनी त्याचं उत्तर तयार झालं. अकरा पानं होती, सुबक अक्षरात लिहिलेली. त्याने आनंदाने ती बायकोला वाचून दाखवली. तिला गणित येत नव्हतं, पण इतकी वर्षं भिंती सारवून तिला खेळ चांगलाच पाठ झाला होता.

सहाव्या पानाच्या तळाशी ओळ होती: ‘वर चढलेली संख्या केव्हा ना केव्हा आपल्या सुरुवातीच्या खाली उतरतेच, हे उघडच आहे.’

“थांबा,” बायको म्हणाली. “केव्हा ना केव्हा म्हणजे केव्हा?”

“अगं, केव्हातरी. एकदा खाली आली की ती लहान संख्या झाली, आणि लहानांचं आपण आधीच दाखवलेलं आहे. म्हणजे झालंच की.”

“ते कळलं. पण ती खाली आलीच नाही तर? चढतच राहिली तर?”

“येतेच. उघड आहे ते.”

“मग मला का दिसत नाही?”

“तुला गणित येत नाही म्हणून.”

बायको उठली. ओट्यावर एक घंगाळ भरून ठेवलेलं होतं, त्याच्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, “हे गळत नाही हे तुम्हाला उघडच होतं ना? मग पाणी कशाला भरलंत?” एवढं बोलून ती चुलीकडे गेली.

तांबटाला भयंकर राग आला. ही ओळ आपण चार ओळींत सिद्ध करून तिच्या तोंडावर मारू, असं म्हणून तो बसला. चार ओळी झाल्या, चाळीस झाल्या, पुन्हा भिंती काळ्या झाल्या, आणि सुगी संपली तरी ती ओळ काही सिद्ध होईना. ती खोटी आहे असंही दाखवता येईना. सगळी अकरा पानं त्या एका ओळीवर टेकून उभी होती, आणि ती ओळ कशावर टेकली होती हे त्याला सांगता येत नव्हतं.

आता त्याने घरी बसायला हवं होतं. पण गावाने तोवर त्याची मिरवणूक ठरवली होती. बायाबापड्यांनी ओवाळलं, पाटलाने स्वतः फेटा बांधला, वेशीपर्यंत लेझीम गेली. ‘नाही जात’ म्हणायची त्याची छाती झाली नाही. वाटेत तो स्वतःची समजूत घालत राहिला की चूक असली तर बाईंना दिसेलच, त्या सांगतील, आपण परत येऊ. आणि नसलीच दिसली, तर कदाचित ती चूक नसेलही. मोठमोठी माणसं अशीच चालता चालता स्वतःला फसवतात.

राजवाड्यासमोर रांग लागली होती. पुढे एक वैद्य होते, त्यांना उत्तर स्वप्नात दिसलं होतं, पण जागं होताना अर्धं निसटलं होतं. त्यांच्यामागे एक जुना शिपाई होता. तिप्पट करणं फार अवघड पडतं म्हणून त्याने सगळीकडे दुप्पट केलं होतं. एका शास्त्रीबुवांचं म्हणणं असं की एक ही मुळात संख्याच नाही, तेव्हा प्रश्नच उरत नाही. बाई प्रत्येकाचं ऐकत, चूक दाखवत, आणि प्रत्येक जण त्यांच्याशी भांडत असे. कुणालाही आपली चूक दिसत नव्हती आणि सगळ्यांना बाईंची दिसत होती.

तांबटाची पाळी आली तेव्हा बाईंनी साठ उत्तरं वाचून संपवली होती. त्यांच्या डोळ्यांना पाणी सुटलं होतं. त्यांनी पहिलं पान घेतलं आणि त्या किंचित ताठ बसल्या. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. पाचव्या पानावर त्या म्हणाल्या, “हे सुरेख आहे.” तांबटाने जन्मभर याच शब्दांची वाट पाहिली होती.

सहाव्या पानावरून त्यांचं बोट हळूहळू खाली सरकलं. तळाशी आलं, शेवटच्या ओळीवरून घसरलं, आणि बाईंनी पान उलटलं.

तांबटाची नजर मात्र त्या उलटलेल्या पानावरच राहिली.

बाईंनी उरलेली पानं वाचली, गठ्ठा खाली ठेवला आणि डोळे पुसले. “मला चूक सापडत नाही,” त्या म्हणाल्या.

प्रधानजी उठून उभे राहिले. नगारा झडू लागला. दगडाशी पाथरवट बसलेला होता; इतकी वर्षं तो नुसता बसून पगार घेतो अशी लोक त्याची थट्टा करत. तो छिन्नी घेऊन धावत आला आणि त्याने विचारलं, “नाव काय कोरू, मालक?”

तांबटाने तोंड उघडलं. त्याला नाव कोरलेलं हवं होतं, फार हवं होतं, हे मी लपवणार नाही. पण त्याच्या मनात एक विचार आला आणि तो काही केल्या जाईना. एकदा दगडावर कोरलं की हा प्रश्न पुन्हा कुणी विचारणार नव्हतं. चिंचोके घेऊन बसलेल्या पोराने ‘नेहमीच का?’ म्हटलं की थोरांनी दगडाकडे बोट दाखवलं असतं. ज्या प्रश्नासाठी त्याने उमर घालवली, तो प्रश्न त्याच्याच हाताने मेला असता, आणि उत्तर तर कुणालाच मिळालेलं नसतं.

“सहावं पान,” तो म्हणाला. “शेवटची ओळ. ती मला सिद्ध करता आलेली नाही.”

नगारा थांबला. पाथरवट छिन्नी घेऊन तसाच उभा राहिला. तांबटाचं नाव त्याला कळलं नाही, आणि म्हणूनच ते मलाही ठाऊक नाही.

बाईंनी सहावं पान उलटून पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

“माहीत होतं तर आणलंत कशाला?”

“वाटलं, तुम्हाला दिसेल.”

“आणि दिसलं नसतं तर?”

“नाहीच दिसलं, बाई. म्हणून तर बोलावं लागलं.”

प्रधानजी घसा खाकरून म्हणाले, “याची तिसरी खेप संपली.”

“संपलीच,” बाई म्हणाल्या. “नियम तो नियम. यापुढे याचं उत्तर मी हातात घेणार नाही. पण पुढच्या वर्षीपासून माझ्या शेजारी आणखी एक आसन मांडा. मी वाचलेलं प्रत्येक पान हा पुन्हा वाचेल.”

“बाई, तो तांबट आहे.”

“असू दे. आज चुकले मी, आणि चूक दाखवली त्याने.”

तांबट गावी परतला तेव्हा वेशीवर लेझीम तयार होती. त्याने घडलं ते सांगितलं. लोकांना ते मुळीच आवडलं नाही. पाटील म्हणाला, “अरे, गप्प बसायला तुझं काय जात होतं?” आणि फेटा परत घेऊन गेला. वर्षभर निम्मं गाव त्याच्याशी धड बोललं नाही.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. तिने त्याला पाणी दिलं आणि ती समोर बसली.

“म्हणजे तुम्हाला आता कधीच उत्तर देता यायचं नाही?”

“नाही.”

“आणि दुसऱ्या कुणी ते शोधलं तर?”

“शोधू दे की,” तांबट म्हणाला. “राज्यात ते सगळ्यांत आधी वाचायला बसणाऱ्या दोघांत मी असेन.”

बायको म्हणाली, “ती ओळ मला पुन्हा एकदा नीट समजावून सांगा. संख्या खाली येते असं तुम्हाला वाटलं तरी कशावरून?” आणि तो आनंदाने तिच्या शेजारी कोळसा घेऊन बसला.

तात्पर्य: आपली चूक दुसऱ्याच्या नजरेतून सुटली तरी ती चूकच राहते; जी आपल्याला दिसली, ती आपणच दाखवावी.