नऊ नंबरचं रीळ

“मग तिनं दार उघडलं का?” दस्तगीरचाचांनी विचारलं.

श्रीरंग वाकणकर खुशीत हसला. गोष्ट सांगायला लागल्यापासून तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

“तीच तर गंमत आहे, चाचा. ते आपल्याला कळतच नाही. तिचा हात कडीवर जातो आणि सिनेमा संपतो.”

“संपतो...” चाचा म्हणाले आणि मशीनला तेल घालत राहिले.

या श्रीरंगला वेड होतं विस्मरणात गेलेले सिनेमे उकरून काढायचं. पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगाराच्या ढिगात त्याला एका सिनेमाच्या रिळांचे आठ डबे सापडले, एका डब्यात एक रीळ. सिनेमाचं नाव ‘पाचवा उन्हाळा’. पन्नास वर्षांपूर्वी आला तसा गेला, काढणाऱ्याचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात राहिलं नाही. डब्यांवर तेवढं ‘तांबोळी टूरिंग टॉकीज’ रंगवलेलं. त्या नावाचा माग काढत हा मिरजेजवळच्या मालगावात येऊन थडकला, तर त्या टॉकीजच्या तंबूत सिनेमाचं मशीन चालवणारे दस्तगीर मुजावर चांगले ठणठणीत, आणि वर मशीनही घरात. श्रीरंगला आभाळ ठेंगणं झालं.

तेव्हापासून दोन महिने दर रविवारी तो मशीन शिकायला येत होता. शिकायचा थोडं, बोलायचा फार. चाचांना त्या सिनेमाबद्दल त्यानं आजवर एक शब्द विचारला नव्हता. सिनेमाची गोष्ट मात्र आज पहिल्यांदाच सांगितली. नवरा परगावी निघून गेलेली एक बाई. चार उन्हाळे ती वाट बघते, सगळ्या सिनेमात एकदाही हसत नाही. पाचव्या उन्हाळ्यात भर दुपारी कुणीतरी दार ठोठावतं. ती उठते, कडीला हात घालते, बस्स.

या ‘बस्स’वर श्रीरंगनं बारा पानी लेख लिहिला होता. दारावरची थाप ही मृत्यूची थाप आहे, असं त्याचं म्हणणं. लेख गाजला. येत्या रविवारी पुण्याच्या फिल्म क्लबात सिनेमा दाखवायचा होता आणि त्या न झालेल्या शेवटावर श्रीरंग तासभर बोलणार होता. आयुष्यात पहिल्यांदाच लोक त्याला ऐकायला येणार होते.

“सर्टिफिकेट वाचलंस?” चाचांनी विचारलं.

“कसलं?”

“सेन्सॉरचं. सिनेमाच्या आधी येतं ते.”

ते तर श्रीरंगनं कॉम्प्युटरवर कॉपी करतानाच कापून टाकलं होतं. सरकारी कागद तो, कलाकृतीत त्याचं काय काम? तसं त्यानं ऐटीत सांगितलंही.

चाचांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

“आमच्या तंबूत ते पडद्यावर आलं की सगळी पोरं ओरडायची. त्यावर रिळं किती ते लिहिलेलं असतंय. बारा असली तर तंबू डोक्यावर घ्यायची, कमी असली तर तोंडं पाडायची. तुझ्या ह्या सिनेमाला काय ओरडली, सांगू?”

“काय?” श्रीरंगनं विचारलं.

“नऊ.”

...

आठ डबे. त्यानं स्वतःच्या हातानं पुसलेले, मोजलेले आठ डबे.

चाचा उठले. मशीनखालच्या खोक्यातून त्यांनी एक डबा काढला. बाकीच्या आठांचा सख्खा भाऊ, तोच रंग, तेच नाव. शेवटचा खेळ झाला, मालकानं तंबू मोडला, मशीन चाचांना देऊन आठ डबे उचलून नेले. नववं रीळ मशीनवर चढवलेलंच राहिलं. चाचांनी ते जपून ठेवलं, कुणीतरी मागायला येईल म्हणून. कुणी आलं नाही.

“दर दिवाळीला साफ करतो,” ते म्हणाले. “खिडकीला गोधडी लाव.”

श्रीरंगनं गोधडी लावली. घाईघाईत ती दोनदा खाली पडली. लाजेनं असेल असं त्याला वाटलं, पण खरं सांगायचं तर ती निव्वळ हाव होती. पन्नास वर्षं कुणी न पाहिलेली दहा मिनिटं त्याच्यासमोर मशीनवर चढत होती.

मशीन करकरलं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर कडी आली, कडीवर तोच हात आला...

आणि चाचांनी भिंगासमोर तळवा धरला.

भिंत काळी झाली. मशीन चालूच होतं.

“उठून गेलास तर तुझी बारा पानं खरी,” चाचा म्हणाले. “मी हे कुणाला सांगत नाही. माझ्यामागं हा डबा कोण उघडतंय?”

मशीन करकरत होतं. त्या तळव्यामागून रीळ फूट-फूट पुढे सरकत होतं. श्रीरंगला क्लबातल्या खुर्च्या दिसल्या, टाळ्या ऐकू आल्या, छापलेलं स्वतःचं नाव आठवलं. आणि त्याच वेळी तिकडे ती बाई दार उघडत होती.

“हात काढा, चाचा.”

चाचांनी हात काढला नाही.

“काढा हो हात... ती चालली.”

तळवा बाजूला झाला.

दार उघडं होतं. दारात एक शेळी उभी होती, शेजारणीची, गळ्यात तुटलेलं दावं. तिनं मान खाली घातली आणि उघड्या दाराच्या चौकटीला पुन्हा एक धडक दिली.

मृत्यूची थाप!

भिंतीवरची बाई हसायला लागली. आठ रिळं न हसलेली बाई पोट धरून हसली, शेळीचं दावं धरून उन्हात निघाली, दार सताड उघडं टाकून. श्रीरंगही हसत होता, डोळे पुसत होता, पुन्हा हसत होता. असा सिनेमा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. आणि या सिनेमावर तर त्यानं बारा पानं लिहिली होती.

रीळ संपलं. भिंत नुसती पांढरी उरली.



“चाचा,” शेवटी श्रीरंग म्हणाला, “रविवारी मी काय बोलू?”

चाचा रीळ उलटं गुंडाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“नऊच्या नऊ दाखव. सर्टिफिकेटापासून.”