दोन रेघांचा वसा

ऐका दोन रेघांनो, तुमची कहाणी. दर्याच्या काठी एक आटपाट नगर होतं. तिथं एक तांबट राही. तांब्याची भांडी घडवी, जत्रेजत्रेला नेऊन विकी. त्याची बायको येसू. येसूचा हात मोठा सढळ. घरात काही गोडधोड केलं, की वाट्या भरी, पदराखाली झाकी, नि शेजारी नेऊन देई. एक वाटी कुंभारणीला, एक कोष्टिणीला, एक होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या बायकोला. लोक म्हणत, देणारी असावी तर अशी. येसू ऐके, नि खूश होई.

पण तिची एक खोड वाईट. आपल्यात रीत काय? शेजारचं भांडं रिकामं परत धाडू नये. काही नसलं, तर चिमूटभर साखर घालावी. कुंभारणीनं वाटीत चिंच घालून आणली. येसू म्हणाली, "अगं, कशाला? माझ्याकडे काय कमी आहे? ने परत." कोष्टिणीनं सुताची गुंडी आणली. येसू म्हणाली, "अगं, कशाला? माझ्याकडे काय कमी आहे? ने परत." तांडेलाच्या बायकोनं ओलं खोबरं आणलं. तिलाही तेच. मग तिघींनी काय केलं? वाट्या घासल्या, पुसल्या, रिकाम्याच उंबऱ्यावर ठेवल्या, नि मान खाली घालून गेल्या. हसू नका बायांनो, आपणही असंच करतो.

असं पुष्कळ दिवस चाललं. येसू दमली. कंबर धरून चुलीपुढं बसे, कंबर धरून उठे. मनात म्हणे, "देऊन देऊन जीव मेटाकुटीला आला. पण येसू, तू जेवलीस का, असं कुणी पुसत नाही." पुसणार कोण? पुसायला आलेल्यांना हिनंच वाटेला लावलं होतं.

मग एक दिवस बंदराला परमुलखाचं गलबत लागलं. त्यातून एक म्हातारी उतरली. उत्तरेकडे जिथं समुद्र गोठतो, तिथली ती. दारी आली, म्हणाली, "बाई, भूक लागली." येसूनं तिला पोटभर जेवू घातलं. म्हातारीनं कनवटीचा एक लाकडाचा तुकडा काढला. त्यावर दोन रेघा कोरलेल्या, एकमेकींना मधोमध छेदणाऱ्या. म्हणाली, "हे घे." येसू म्हणाली, "आजी, कशाला? तुमच्याजवळ आहेच काय? राहू दे." म्हातारीचा चेहरा उतरला. म्हणाली, "तू मला जेवू घातलंस, नि भिकारीण करून सोडलंस." तिनं चुलीतला कोळसा घेतला, उंबऱ्यावर तशाच दोन रेघा ओढल्या, नि निघून गेली. येसूला राग आला. तिनं पोतेरं घेतलं नि रेघा पुसून टाकल्या.

मग काय झालं? चुलीवरचं दूध नासलं. मग रांजणाला चीर गेली, पाणी वाहून गेलं. मग येसूचे हात खांद्यापासून जड झाले, वर उचलेनात. तांबट लांब जत्रेला गेलेला. घरात लेक मैना, पहिल्या बाळंतपणाला आलेली. भर दुपारी मैनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. ऊन पाणी नाही, जुनेर नाही, सुईण नाही. मैना म्हणाली, "आई, शेजारी जा. मदत माग." येसू म्हणाली, "मी आजवर कुणापुढं हात पसरला नाही गं." मैना कळवळली, म्हणाली, "आई, तुझा मान मोठा का माझा जीव?"

येसू रडत बाहेर पडली. पिंपळाच्या पारावर म्हातारी बसलेली. येसूनं तिचे पाय धरले. "आजी, चुकले. माझी लेक वाचू दे." म्हातारी म्हणाली, "वसा सांगते. पण उतशील, मातशील." येसू म्हणाली, "उतणार नाही, मातणार नाही, आलेलं लोटणार नाही." म्हातारी म्हणाली, "आमच्याकडे हे अक्षर आहे. गेबो त्याचं नाव, देणगी त्याचा अर्थ. यात एक रेघ देणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. एक पुसलीस तर दुसरी नुसतीच रेघ, अक्षर राहत नाही. पौषातल्या रविवारी उंबऱ्यावर तांदळाच्या पिठानं ते काढावं. मधे भरली वाटी ठेवावी, मग शेजारी धाडावी. उलट येईल ते दोन्ही हातांनी घ्यावं, कपाळाला लावावं. कशाला म्हणू नये. आज मात्र रिकामी वाटी घेऊन जा."

येसूनं कशीबशी वाटी पोटाशी धरली. कुंभारणीच्या दारी गेली. "मला ऊन पाणी दे गं." कुंभारीण हंडा घेऊन धावली. कोष्टिणीच्या दारी गेली. "मला जुनेर दे गं." कोष्टीण मऊ लुगडं घेऊन धावली. तांडेलाच्या दारी गेली. त्याची बायको हौसा सुईण होती. येसूनं नुसती रिकामी वाटी पुढं केली. हौसा म्हणाली, "वहिनी, किती वर्षं वाट पाहायला लावलीत!" नि धावली.

मैना सुखरूप सुटली. मुलगी झाली. घरात टाहो ऐकू आला, तशी येसू भिंतीला टेकून बसली. म्हातारी दारात आली, तिनं लाकडाचा तुकडा पुढं केला. येसूचे जड झालेले हात उचलले गेले. दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. म्हातारी म्हणाली, "आता तुझं अन्न मला पचलं." नि बंदराकडे चालू लागली.

इतक्यात कोष्टिणीनं त्याच वाटीत पेज आणली. म्हणाली, "वहिनी, जेवलात का?" येसूच्या ओठांवर 'कशाला' आलं. तिनं ते गिळलं. कोष्टीण म्हणाली, "आ करा." येसूनं लहान मुलासारखा आ केला. पेज साधीच होती, मीठही कमी पडलेलं. येसू खात होती नि रडत होती. मग तिथंच, शेजारणींच्या मधे, तिला गाढ झोप लागली.

जसा येसूचा शीण उतरला, तसा तुमचा आमचा उतरो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचां उत्तरीं सांगून झाली, सुफळ झाली. आता वाटी तुमच्या हाती, बायांनो. नाही म्हणू नका.