ओताऱ्याची चौथी घंटा

फार पूर्वी शंखावती नदीकाठच्या एका नगरात महीधर नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व एका कुंभाराच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव भद्रक, आणि घंटा ओतणाऱ्यांसाठी तो मातीचे साचे घडवीत असे. त्याचा शेजारी नंदिसेन ओतारी. घंटा ओतावी ती नंदिसेनानेच, असे सारे नगर म्हणे, आणि खरे सांगायचे तर नंदिसेनालाही ते चांगले ठाऊक होते.

नगराच्या खाली नावाड्यांची वस्ती होती. वर डोंगरात पाऊस झाला की इथे लख्ख ऊन असतानाच पूर येई आणि झोपड्या धुऊन नेई. म्हणून राजाने टेकडीवर मोठी घंटा टांगायची आज्ञा केली. पाणी चढताना दिसले की राखणदाराने ती वाजवायची. काम नंदिसेनाकडे आले. त्याची एकुलती एक लेक उत्पला त्याच वस्तीत दिली होती आणि तिच्या मांडीवर चार महिन्यांचे पोर होते. घंटा म्हणजे त्याच्यासाठी नुसते राजाचे काम नव्हते.

पहिली घंटा त्याने घाईने घालवली. ओतलेला धातू साच्यातच सात दिवस निवू द्यायचा असतो. पण राजाचा माणूस रोज दारात येऊन उभा राहू लागला, तेव्हा नंदिसेनाने भद्रकाचे न ऐकता तिसऱ्याच दिवशी साचा फोडला. राजासमोर पहिला टोला पडला आणि घंटा काठापासून माथ्यापर्यंत तडकली. लोक हसले. नंदिसेनाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तिथून गडी जो उलटला तो पार दुसऱ्या टोकाला गेला. दुसरी घंटा पुरते सात दिवस निवली, खणखणीत वाजली, पण काठाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र निघाले. ओताऱ्यांची रीत अशी, की खोट असलेली वस्तू कारखान्याबाहेर जाऊ द्यायची नाही. ओतणाऱ्याने ती स्वतःच्या हाताने फोडून पुन्हा वितळवायला मुशीत टाकायची. त्याने टाकली. तिसरीचा नाद शेवटी जरासा घोगरा लागला, तर तीही फोडायला काढली. आता या माणसाला काय म्हणावे!

भद्रकाने त्याचा हात धरला. "नंदिसेना, वस्तीला गाणे ऐकायचे नाही. पाणी आले एवढे कळले की पुरे. ही टांग. पुढची याहून चांगली ओत, मग ही उतरव."

नंदिसेन तापला. आपल्या नावाची घोगरी घंटा आपल्याच लेकीने रोज ऐकायची काय, असे म्हणून त्याने भद्रकाला स्वतःची माती सांभाळायला सांगितले.

भद्रक रागावला नाही. त्याने मोठे मडके भाजले, तोंडाला कातडे ताणून नगारा केला आणि टेकडीवर नेला. आवाज पहिल्या चार घरांपलीकडे जाईना. वस्तीत घरोघर हिंडून त्याने बायकांना विचारले, कुठवर ऐकू आले, कुठे विरले. मग मोठा केला, मग त्याहून मोठा. तरी अर्धीच वस्ती टप्प्यात आली. तेव्हा त्याने सांगून ठेवले, की ज्याला ऐकू येईल त्याने हाताला लागेल ते भांडे बडवून पुढच्याला कळवायचे. दोनतीन दुपारी त्यांनी सरावही केला. नंदिसेन ते ऐकून मनसोक्त हसला.

आणि एका भर दुपारी तिसरी घंटा मुशीत वितळत असताना टेकडीवर नगारा सुरू झाला. सराव असेल, असे नंदिसेनाला वाटले. पण नगारा थांबेना. त्याने मुशीत पाहिले. वाजवायची वस्तू तिथे लालभडक पाणी होऊन खदखदत होती. हे मडके अर्ध्या वस्तीपुरतेच आहे आणि उत्पलाचे घर खालच्या टोकाला आहे, हे त्याला ठाऊक होते. हातातला चिमटा तसाच घेऊन तो धावत सुटला.

वस्तीच्या जागी गढूळ पाणी होते आणि त्यावर छपरे तरंगत होती. माणसे वरच्या चढावर जमली होती. नावे घेऊन मोजदाद झाली, एक सोडून सगळे होते. उत्पला पोर पोटाशी धरून बसली होती. शेजारी तिच्या लग्नात त्याने दिलेली परात पडली होती, ठोक्याठोक्यांनी चेपलेली. तिने ती मुसळाने बडवली होती.

"बाबा, मामंजी नदीच्या वाळवंटात नाव दुरुस्त करीत होते," ती म्हणाली. "मी बडवत राहिले. ते वाकून काम करीत होते. त्यांनी मान वर केलीच नाही."

भद्रक टेकडीवरून उतरून आला तेव्हा नंदिसेनाने एवढेच विचारले, "त्या दुसऱ्या घंटेचा आवाज वाळवंटापर्यंत गेला असता का?"

खोटे बोलून मित्राला मोकळे करणे सोपे होते. पण भद्रक म्हणाला, "गेला असता."

दुसऱ्या दिवशी नंदिसेनाने चौथी घंटा ओतली. सात दिवस साच्याला हात लावला नाही. आठव्या दिवशी घंटेच्या खांद्यावर एक फोड दिसला. हाताखालच्या कारागिरांनी तो दाखवला. नंदिसेनाने ती तशीच टेकडीवर नेऊन टांगली, वाजवली आणि कुठवर ऐकू येते ते पाहायला स्वतः वाळवंटात जाऊन उभा राहिला.

एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे बुद्धत्वाला पोहोचलेले तेच बोधिसत्त्व, थांबले. समोर सुप्रभ नावाचा भिक्षू बसला होता. आदल्या दिवशी एका मरणासन्न माळ्याने धीराचे दोन शब्द ऐकायला लेकीला पाठवून त्याला बोलावले होते. हा विहारातच उपदेश घासूनपुसून बिनचूक करीत बसला आणि माळी दाराकडे बघत बघत गेला.

"सुप्रभा, तो ओतारी तू होतास," शास्ता म्हणाले. "उत्पला म्हणजे त्या माळ्याची लेक. कुंभार मी होतो. आणि वाळवंटात वाकून काम करणारा तो म्हातारा म्हणजे कालचा माळी."

सुप्रभाच्या तोंडचे पाणी पळाले. मग शास्ता हळूच म्हणाले, की कशाला सात दिवस द्यायचे आणि कशाला एक दिवसही थांबवायचे नाही, हे ओळखणे म्हणजेच प्रज्ञा.