सशिणीच्या बिळाची ओली भिंत

मुलांनो, इथून फार लांब, अमेरिकेतल्या एका थंड जंगलात, तळ्याच्या बांधाखाली एका सशिणीचे बीळ होते. आत तिची नुकतीच जन्मलेली, अजून डोळेही न उघडलेली पिल्ले होती. वरचा बांध बीव्हरने घातलेला होता. बीव्हर म्हणजे दातांनी झाडे पाडून, काटक्या आणि चिखल रचून ओढा अडवणारा प्राणी. त्याच्या कामावर सगळ्या जंगलाचा विश्वास होता, सशिणीचाही.

त्या जंगलाचा एक देव होता. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो, त्या चांदण्यांत तिथल्या प्राण्यांना एक अस्वलीण दिसे. तिला ते थोरली म्हणत. अंधार पडून तळे शांत झाले की तिचे प्रतिबिंब पाण्यात पडे आणि कोणीतरी म्हणे, "आली बरं का थोरली पाणी प्यायला." मग जो तो मान लववून आपल्या घरी जाई. सशीण तर थोरलीला मान लववल्याशिवाय पिल्लांना दूधसुद्धा पाजत नसे.

आणि त्या जंगलाची एक रीत होती. सभेत कोणाच्या म्हणण्याला उत्तर द्यायचे असेल, तर आधी ते म्हणणे आपल्या तोंडाने सांगायचे. ज्याचे ते म्हणणे असेल त्याने "हो, असंच म्हणालो मी" अशी मान डोलावली, तरच पुढे बोलायचे. याला ते पोच देणे म्हणत. या रीतीमुळे सभा भलत्याच रेंगाळत, साळिंदर तर हमखास झोपी जाई. पण हरीण आणि लांडगा एकाच खडकावर बसून वाद घालत आणि वाद संपला की एकाच वाटेने परत जात. आज हे सांगताना माझे मलाच खरे वाटत नाही.

त्या वर्षी बर्फ वितळू लागले, तळे काठोकाठ भरले आणि जंगलाचा नवा सभापती निवडायची वेळ आली. एका बाजूने बीव्हर उभा राहिला, दुसऱ्या बाजूने कोल्हा. भर सभेत सशीण उठली आणि म्हणाली, "माझ्या बिळाची मागची भिंत ओली झालीय. कोणीतरी येऊन बघा."

बीव्हरने लगेच पोच दिली. "ताईच्या बिळाची मागची भिंत ओली झालीय, ती कोणीतरी येऊन बघावी असं ताई म्हणतेय." सशिणीने मान डोलावली. मग तो म्हणाला, "बांध पायाशी झिरपत असणार. बघायचं तर आधी पाणी उतरवायला हवं. बाजूने वाट काढून देऊ, तळं थोडं कमी होईल, एवढंच."

कोल्ह्याला हे परवडणारे नव्हते. तळे भरलेले असले की काठाशी बदके येत, आणि बदके कोल्ह्याला का आवडतात हे मी सांगायला नको. तो खडकावर चढला. रीतीप्रमाणे त्याने आधी बीव्हरला पोच द्यायला हवी होती. त्याऐवजी त्याने वर आभाळाकडे पाहिले आणि रडका आवाज काढून तो म्हणाला, "तळं कमी झालं, तर थोरली पाणी प्यायला उतरेल कुठे? तिला तहानलेली ठेवायला निघालेत हे लोक."

"आधी पोच दे," सभा चालवणारी म्हातारी कासवीण म्हणाली.

"मी थोरलीच्या बाजूने बोलतोय," कोल्हा म्हणाला. "पाखंड्यांना कसली पोच द्यायची?"

आता कोणीतरी याला खाली बसवेल, असे सशिणीला वाटले. पण मागून कोणीतरी पंजा आपटला, मग आणखी एकाने, आणि बघता बघता अर्धी सभा पंजे आपटू लागली. सशिणीच्या शेजारी वर्षानुवर्षे बसत आलेले हरीण सरकून लांब बसले आणि तिला म्हणाले, "भक्ती कमी पडली असेल, त्याशिवाय बिळात ओल येते होय?" हे कोणाला, तर थोरलीला मान लववल्याशिवाय पिल्लांना दूध न पाजणाऱ्या सशिणीला.

तरी तिला बीव्हरचा भरवसा होता. पुढच्या सभेत बीव्हर उठला आणि त्यानेही आभाळाकडे पाहिले. "काल मी थोरलीला पाण्यात पाहिलं," तो म्हणाला. "ती रागाने थरथरत होती. कोल्ह्याला निवडाल तर पुन्हा या तळ्यावर येणार नाही, असं तिने मला सांगितलं." आता उरलेल्या अर्ध्या सभेने पंजे आपटले. बांध, पाया, ओल, यातले एक अक्षरही त्याच्या तोंडून निघाले नाही. कोल्ह्याचे तिला नवल वाटले नव्हते, पण बीव्हरने हे करावे याने तिच्या पायांखालची जमीनच सरकली.

सभा उठल्यावर तिने त्याला गाठले. "बीव्हरदादा, थोरली खरंच असं म्हणाली?"

बीव्हरने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "ताई, बांधाचं सांगत होतो तेव्हा ऐकलं का कोणी? एकदा मला निवडून येऊ दे. मग बघू तुझं बीळ."

"पण ओल वाढतेय हो."

"म्हणून तर सांगतोय. निवडीच्या दिवशी नक्की ये, आणि आपल्या बाजूलाच उभी राहा."

बाहेर अजून बर्फ होते. उघड्या अंगाची पिल्ले घेऊन जायचे तरी कुठे? सशिणीने शेजारी विचारून पाहिले. उंचावरच्या बिळात राहणाऱ्या चिचुंद्रीने दार अर्धेच उघडले आणि विचारले, "तू कोणाच्या थोरलीची? कोल्ह्याच्या की बीव्हरच्या?" सशीण म्हणाली, "थोरली एकच आहे ना गं?" त्यावर दार लागले. इकडे सभा आता दोन काठांवर दोन भरू लागल्या होत्या. कासविणीने एकदोनदा "पोच, पोच" म्हणून पाहिले, कोणी लक्ष देईना, तेव्हा तिने मान कवचात ओढून घेतली.

निवडीच्या दिवशी सकाळी दोन्ही काठ गच्च भरले. आभाळात तेव्हा एकही चांदणी नव्हती, तरी दोन्ही काठांना थोरली आपल्याच बाजूला उभी दिसत होती म्हणे. इतके पंजे आपटले जात होते, इतका आरडाओरडा चालला होता, की बांधाच्या काटक्या मोडू लागल्या तो आवाज खुद्द बांध घालणाऱ्या बीव्हरलाही ऐकू आला नाही. तो खाली बिळात पिल्लांपाशी असलेल्या सशिणीला ऐकू आला. तिने एक पिल्लू तोंडात धरले आणि टेकाडावर नेऊन ठेवले. मग दुसरे, मग तिसरे. धाकट्याला आणायला ती परत वळली, तेव्हा बांध फुटला होता आणि बिळाचे तोंड कुठे होते तेही ओळखू येत नव्हते.

तळे रिकामे झाल्यावर सगळे प्राणी चिखलात एकत्र आले. मला वाटले होते, आता तरी ते गप्प बसतील. पण एक बाजू म्हणू लागली की पाखंड्यांमुळे थोरली कोपली, आणि दुसरी म्हणू लागली की ढोंग्यांमुळे कोपली. तेवढ्यात ओली, चिखलाने माखलेली सशीण खडकावर चढली.

"बोला," ती म्हणाली. "पण आधी मला पोच द्या. पहिल्या सभेत मी काय म्हणाले होते?"

कोल्हा म्हणाला, "तळं रिकामं करा, असं म्हणाली होतीस."

सशिणीने मान हलवली. नाही.

हरीण म्हणाले, "कोल्ह्याला निवडू नका, असं काहीसं."

नाही.

मग तिने बीव्हरकडे पाहिले. मुलांनो, यानेच तिला भर सभेत शब्दन्‌शब्द पोच दिली होती. त्याने डोके खाजवले, ओठ हलवले, आभाळाकडेसुद्धा एकदा पाहिले. त्याला आठवले नाही. तिथे जमलेल्या एवढ्या मोठ्या जंगलातल्या एकालाही आठवले नाही.

"माझ्या बिळाची मागची भिंत ओली झालीय, कोणीतरी येऊन बघा," सशीण म्हणाली. "एवढंच म्हणाले होते मी."

मग ती खाली उतरली आणि उरलेल्या पिल्लांकडे गेली. चांदण्या उगवल्यावर तिने वर बघून रोजच्यासारखी मान लववली आणि मग पिल्लांना दूध पाजले.

तात्पर्य : देवाचे नाव घेऊन समोरच्याचे तोंड बंद करता येते, बांधाची गळती बंद करता येत नाही; म्हणून उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते नीट ऐकावे.