खळ्यातली नदी

"मग बुवा, आता नाटक करायचं ते कुणासाठी?"

हेरंब नाबरने विचारलं आणि ओटीच्या कडेला बसून पाय खाली खळ्यात सोडले. नव्याकोऱ्या चपला पायांपाशीच काढून ठेवल्या होत्या. मांडीवर एक कागद होता.

चंद्रोबाबुवा खळ्यात वाळत टाकलेली सुपारी हाताने परतत होते. वय चौऱ्याऐंशी. 'संगीत ओघवती' नाटकात चाळीस वर्षं त्यांनी नायिकेचं, कुमुदिनीचं काम केलं. हेरंब त्यांच्याच हाताखाली गाणं शिकला, पुढे नाटक मंडळी चालवू लागला आणि आता त्याच नाटकाचा सिनेमा काढून बसला होता. सिनेमा तुफान चालला होता. गडी जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होता म्हणा ना.

कागद शहरातल्या एका संग्रहालयाचा. नाटकातला नदीचा रंगवलेला पडदा त्यांना हवा होता. पडदा बुवांचा. त्यांची सही झाली की तो काचेमागे जाणार आणि नाटक कायमचं बंद.

"काल सिनेमा पाहिलात ना?"

"पाहिला. रडलो. छान केलायस."

हेरंबचा ऊर भरून आला. अकरा वर्षांच्या शिकवणीत 'छान' हा शब्द काही त्याच्या वाट्याला आला नव्हता.

"तेच म्हणतो मी. आपल्याकडे काय असायचं? विटका निळा पडदा, आणि मागून दोघं जण तो हलवणार. मी खरी नदी दाखवली, बुवा. कमरेएवढं पाणी. नटी खरोखर भिजली."

"हं... पुढच्या खुर्च्यांवर माणसं होती?"

"भरलेल्या होत्या की. तुम्हीही होतात त्यांच्यात."

"कुमुदिनी नदीत उतरली, तेव्हा त्यांचे पाय कुठे होते?"

"पाय?" हेरंब गोंधळला. "असतील जमिनीवर. पायांचं काय त्यात?"

बुवा पुन्हा सुपारी परतू लागले...

म्हातारा कामातून गेला, असं हेरंबच्या मनात आलं, आणि लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने खिशातलं पेन काढून पुढे केलं.

बुवांनी ते घेतलं नाही. हात झटकून ते खळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला गेले, तुळशीपाशी वळले आणि धोतराच्या निऱ्या दोन बोटांत धरून जराशा उचलल्या.

उजव्या पायाच्या अंगठ्याने त्यांनी तळ चाचपला. खळं ठणठणीत कोरडं होतं. एक पाऊल टाकलं, आणि ओढ लागल्यासारखे ते कमरेतून कलले. ओठांत कुमुदिनीचं पद होतं, ऐकू येईल न येईल इतकंच. निऱ्या पोटरीपर्यंत आल्या, मग गुडघ्यापर्यंत. चौऱ्याऐंशी वर्षं कुठे गेली कोण जाणे. खळ्यात अठरा वर्षांची पोर उभी होती, भ्यालेली, तरी पलीकडे जायचंच म्हणणारी.

ती ओटीकडे येऊ लागली... आणखी जवळ...

पद संपलं. बुवांनी निऱ्या सोडल्या आणि ओटीच्या खांबाला धरून दम खाल्ला.

हेरंबचं तेव्हा कुठे स्वतःकडे लक्ष गेलं. दोन्ही पाय वर घेऊन, गुडघे छातीशी धरून तो बसला होता. दोन्ही चपला हातात होत्या. कधी उचलल्या, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

मांडीवरचा कागद मात्र खाली खळ्यात पडला होता.

तो उचलायला हेरंबने हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला. त्याला हसू फुटलं. शिकायला यायचा तेव्हा इथे बसून हसायचा, तसं मोकळं हसू. किती दिवसांनी बरं वाटत होतं.

बुवांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"चपला वाचवल्यास," ते म्हणाले. "कागद गेला वाहून."