एकच मरळ

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मासे बोलत असत. माणसं मात्र तेव्हाही आत्तासारखीच वागत, म्हणून तर ही गोष्ट पुन्हा सांगावी लागते.

नदीकाठच्या एका गावाला राजाने हौसेने दूरदेशीचे मासे भेट दिले. गावाने ते तळ्यात सोडले. पावसाळ्यात तळं फुटलं आणि मासे नदीत शिरले. तीन वर्षांत सगळी नदी त्यांचीच झाली. हाताच्या पंजाएवढे, नुसते काटे, आणि दुसऱ्या माशांची अंडी फस्त करण्यात पटाईत. नदीतला चवदार मळ्या मासा दिसेनासा झाला.

गावाने काय केलं? पूजा घातली. राजाकडे अर्ज धाडला. एक शहाणा तर म्हणाला, "यांना खाणारा आणखी एखादा परका मासा मागवू या." ऐकून कपाळाला हात लावावा!

शेवटी एक म्हातारी कोळीण डोहावर गेली. तिची लेक गरोदर होती. येणाऱ्या नातवंडाच्या तोंडी मळ्याची चव लागावी, एवढीच म्हातारीची इच्छा होती. डोहात मरळ माशांची एक जोडी आपल्या पिल्लांवर पहारा देत होती.

"या परक्यांना आवरणार कोण गं?" म्हातारीने विचारलं.

"आम्हीच की!" मरळ वैतागून म्हणाली. "त्यांची पिल्लं हेच आमचं खाणं. पण आम्ही आमच्या पिल्लांना सोडून पळत नाही, म्हणून तुम्ही आम्हालाच भाल्याने टिपता. आता आम्ही दोघंच उरलोय. ही पिल्लं मोठी झाली तर नदी वाचेल. दोन पावसाळे दम धरा."

म्हातारीने गाव गोळा केलं. ओंजळीत नदीचं पाणी घेऊन सगळ्यांनी शपथ घेतली, दोन पावसाळे मरळ मारायची नाही. राखण म्हातारीकडे आली.

आठ दिवसही गेले नाहीत तोच कुंभार दारात हजर. "आजी, बायको बाळंत झालीय. मरळीचं कालवण दिलं की अंगात ताकद येते, असं आमची आई सांगायची. शपथ मान्यच आहे, पण एकच मरळ घेऊ द्या."

"अरे, दोनच आहेत!" म्हातारी कडाडली. "तिला डाळ-भाकरी घाल आणि स्वस्थ निजू दे."

मग पाटील आले. त्यांचा जावई आला होता. मग वैद्य आले. त्यांना म्हणे औषधाला हवी होती. शपथ प्रत्येकाला मान्य आणि मरळ प्रत्येकाला एकच हवी! बोलून बोलून म्हातारीचा घसा बसला. तिकडे कुंभाराची बायको डाळ-भाकरीवर ठणठणीत होऊन चिखल तुडवायला लागलीसुद्धा. म्हातारीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मग तिची लेक बाळंत झाली.

"आई, अंगात त्राणच नाही गं," लेक म्हणाली. झालं! अख्ख्या गावाला सुनावणारी म्हातारी भाला घेऊन डोहावर गेली.

मरळ जागची हलली नाही. "माझ्यामागे पिल्लं आहेत," एवढंच ती म्हणाली.

"मलाही लेक आहे," म्हातारी म्हणाली, आणि तिने भाला मारला.

दुसरी मरळ कुंभाराने त्याच दुपारी उचलली. "तुमची तेवढी लेक, आणि माझी बायको काय दगडाची होती?" त्याने विचारलं. उघडी पडलेली पिल्लं परक्या माशांनी संध्याकाळपर्यंत गिळून टाकली.

लेक बरी झाली. ती डाळ-भाकरीवरही झाली असती. नातू मोठा झाला, पुढे म्हातारा झाला, आणि जन्मभर काटे काढत तेच परके मासे खात राहिला. मळ्या कसा लागतो, हे त्याला कधीच कळलं नाही.

म्हणून लहानथोर हो, ध्यानात ठेवा: जो नियम आपल्या उंबऱ्याशी येऊन थांबतो, तो गावात कुठेच चालत नाही.